दम आधी परततो, हाडे नंतर

पावसाळा संपला, की गावोगावच्या मैदानांवर आणि नदीकाठच्या रस्त्यांवर सकाळची वर्दळ वाढते. या वर्दळीत काही जण पहिल्यांदाच आलेले असतात आणि काही जण परत आलेले असतात. दोघांत मोठा फरक आहे. पहिल्यांदा आलेल्याला आपल्याला काय झेपते हे ठाऊक नसते, म्हणून तो बिचकत, जपून पावले टाकतो. परत आलेल्याला मात्र सगळे आठवत असते. दोन वर्षांपूर्वी आपण दहा किलोमीटर सहज पळत होतो, अमुक झाडापर्यंत पोचायला अमुक मिनिटे लागत होती, हे त्याच्या डोक्यात पक्के असते. मधल्या काळात काहीतरी घडलेले असते. कुणाला मोठे दुखणे झाले, कुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाचे बाळंतपण झाले, कुणाच्या घरात वर्षभर एखादे माणूस अंथरुणाला खिळून होते, कुणाची नोकरी गेली, तर कुणाचे अगदी जवळचे माणूस गेले. आज बोलायचे आहे ते या परत आलेल्यांविषयी.

अशा माणसाची दोन वेळा फसगत होते. पहिल्या दिवशी दोन मिनिटे पळाले तरी छाती भात्यासारखी वरखाली होते, पाय जड होतात आणि वाटते, ‘संपले, आता हे आपल्याच्याने होणार नाही.’ हे खरे नसते. नेटाने महिनाभर काढला, की दम बराचसा परत येतो आणि वाटते, ‘जमले, आता आपण पूर्वीसारखे झालो.’ हेही खरे नसते. पहिल्या समजुतीपायी माणूस धावणे सोडून देतो आणि दुसरीपायी जायबंदी होऊन घरी बसतो. शरीर नेमके काय विसरते, काय लक्षात ठेवते आणि कोणत्या क्रमाने परत मिळवते, हे कळले तर या दोन्ही फसगती टाळता येतात.

आधी विसरण्याचे बघू. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे एक प्रयोग झाला. विशीतले पाच निरोगी तरुण निवडले आणि त्यांना तीन आठवडे पूर्णपणे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्या काळी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोग्याला अनेक आठवडे निजवून ठेवण्याची पद्धत होती. त्या विश्रांतीचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहायचे होते. माणसाचे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, यावरून त्याचा दमसास मोजतात. तीन आठवड्यांनंतर या धडधाकट तरुणांची ती क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली होती. पुढे आठ आठवडे व्यायाम दिल्यावर ती पूर्वपदावर आली.

खरी गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे झाले होते. वजने सरासरी पाव पटीने वाढली होती, अंगावरची चरबी दुप्पट झाली होती. तपासणीत दिसले, की तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांची क्षमता जेवढी कमी झाली होती, त्याहून जास्त ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने कमी झाली होती. मग या पन्नाशीच्या गृहस्थांना सहा महिने व्यायाम दिला. चालणे, हळू पळणे, जागच्या जागी सायकल चालवणे, असा साधाच व्यायाम; तोही हळूहळू वाढवत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत नेलेला. सहा महिन्यांनी त्यांची क्षमता विसाव्या वर्षी, प्रयोगाच्या पहिल्या दिवशी होती तिथपर्यंत आली. विशीत व्यायामाने गाठलेला कळस त्यांना पुन्हा गाठता आला नाही, पण वयाने नेलेले बहुतेक सगळे परत मिळाले.

या प्रयोगात माणसे पाचच होती, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण दोन गोष्टी त्यातून दिसतात. पडून राहिल्याने शरीर फार लवकर खालावते आणि धीराने मागितले तर ते बरेच काही परत देते.

पूर्ण अंथरुणाला न खिळता नुसता व्यायाम थांबला तर काय होते? एडवर्ड कॉइल या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये हे तपासले. नियमित व्यायाम करणाऱ्या सात जणांचा व्यायाम बंद केला. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांचा दमसास सात टक्क्यांनी उतरला. आठ आठवड्यांनी तो सोळा टक्क्यांनी खाली आला आणि तिथे थांबला. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्तातल्या पातळ भागामुळे होते. व्यायाम थांबल्यावर काही दिवसांतच शरीर रक्तातला हा द्रव कमी करते. मग हृदयात दर ठोक्याला कमी रक्त भरते आणि तेवढेच काम करायला त्याला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून तर पूर्वीच्याच वेगाने पळताना आता छाती धडधडते. नंतर हळूहळू स्नायूंमधली इंधन जाळण्याची यंत्रणा मंदावते.

पण याच प्रयोगात असेही दिसले, की व्यायामाने स्नायूंत विणले गेलेले केशवाहिन्यांचे जाळे तीन महिन्यांनंतरही बरेचसे शाबूत होते. म्हणजे कधीच व्यायाम न केलेल्या माणसाच्या पातळीला हे लोक आले नव्हते. नॉर्वेतल्या ऑस्लो येथील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. व्यायामाने स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या तंतूंमध्ये नवी केंद्रके तयार होतात. पुढे स्नायू रोडावला, तरी ती केंद्रके टिकून राहतात. माणसाच्या बाबतीत हे किती लागू पडते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मात्र एकदा कमावलेले अंग पुन्हा कमावणे सोपे जाते, हा तालमीतल्या वस्तादांचा जुना अनुभव आहे.

आता परत मिळवण्याच्या क्रमाकडे वळू. आजच्या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

व्यायाम सुरू केल्यावर सर्वांत आधी रक्तातला द्रव वाढतो. एक-दोन आठवड्यांतच फरक जाणवतो. त्यानंतर हृदय आणि स्नायू सुधारू लागतात. चार-सहा आठवड्यांत जिना चढताना, चालताना आपले आपल्यालाच कळते. पण स्नायूला हाडाशी जोडणारे जे चिवट दोर असतात, ज्यांना आपण कंडरा म्हणतो, त्यांना रक्ताचा पुरवठा फार थोडा असतो. त्या बळकट व्हायला महिने लागतात. टाचेच्या मागची जाड शीर ही अशीच एक कंडरा. हाडांची गत याहून न्यारी आहे. हाड म्हणजे काही निर्जीव खांब नव्हे. त्यावर नवा भार आला, की शरीर आधी तिथला जुना भाग खरवडून काढते आणि मग त्या जागी नवा, जास्त मजबूत भाग भरते. जुन्या भिंतीचा गिलावा काढून नवा करावा तसे हे आहे. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत होते. भरून पक्के व्हायला तीन-चार महिने लागतात. या मधल्या काळात ती जागा थोडी कच्ची असते.

आता हिशेब बघा. दम महिना-दीड महिन्यात परत येतो. हाड तीन-चार महिने मागते. म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या सुमाराला अशी वेळ येते, की छाती म्हणते ‘पळ’ आणि नडगी अजून तयार नसते. परत आलेला माणूस नेमका याच वेळी जुने आकडे आठवून वेग वाढवतो, अंतर दुप्पट करतो. पळताना दर पावलाला आपल्या वजनाच्या साधारण अडीच पट जोर पायावर येतो. साठ किलोच्या माणसाच्या पायावर दर पावलाला दीडशे किलो. मिनिटाला १६० पावले धरली, तर अर्ध्या तासात ४८०० पावले होतात; म्हणजे एकेका पायाला २४०० दणके. अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाच्या हाडांनी असा मार बरेच दिवस सोसलेला नसतो. भार नसला, की हाड किती झिजते याचे उदाहरण अंतराळवीरांचे आहे. वजनरहित अवस्थेत त्यांच्या कंबरेच्या भागातली हाडे महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतात.

कच्च्या हाडावर घाईने भार टाकला, की त्याला केसासारखी बारीक चीर पडते. तिला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ही चीर बहुधा नडगीला किंवा पावलाच्या हाडांना पडते. तिची खूण अशी, की दुखणे एका जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे असते. पळताना वाढत जाते आणि पुढे पुढे चालतानाही जाणवते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला, मग पळायला काय हरकत आहे’ असे म्हणून चालत नाही. अशा वेळी पळणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

तात्पर्य असे, की आपल्या शरीरातला सगळ्यात सावकाश तयार होणारा जो भाग आहे, त्याच्या गतीने आपण वाढावे. छातीच्या गतीने वाढू नये.

पण सुरुवात करण्याआधी आपण कशातून उठलो आहोत, हे पाहायला हवे. सगळी दुखणी सारखी नसतात. साध्या पडशाचे दोन दिवस आणि डेंग्यूचे दोन आठवडे यांत फार अंतर आहे. अंगात ताप असताना पळणे सर्वथा वर्ज्य. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ही सूज आल्याचे निदान झाले, तर डॉक्टर साधारणपणे तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतात. कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक साधा नियम दिला होता : लक्षणे पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस जाऊ द्या आणि मग पहिले दोन आठवडे अगदी हलक्या हालचालीच करा. मोठ्या तापानंतर ही सबुरी आजही उपयोगी पडते. चिकुनगुन्यानंतर सांधे काही महिने धरलेले राहू शकतात. तिथे पळण्याचा आग्रह न धरता चालणे आणि पोहणे बरे.

विषाणूच्या आजारानंतर काही जणांना एक वेगळाच थकवा येतो. थोडे श्रम केले, की त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो आणि पुढचे कित्येक दिवस उठत नाही. हा आळस नव्हे, की मनाचा कमकुवतपणा नव्हे. दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा थकव्याच्या रोगात नेमाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या शिफारशींतून काढून टाकला. अशा माणसाला ‘जरा जोर लाव, उठून पळायला लाग’ असे सांगणे म्हणजे दुखणे वाढवणे आहे. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

बाळंतपणानंतर आपल्याकडे सव्वा महिना विश्रांतीचा रिवाज आहे. तो संपला, की बाई सगळ्या कामाला मोकळी, असे घरात धरले जाते. पळण्याच्या बाबतीत मात्र सव्वा महिना पुरत नाही. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत बाळंतपणानंतर पळायला किमान तीन महिने थांबावे, असे सांगितले आहे. गर्भाशय, मूत्राशय यांना खालून तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नऊ महिने ताणलेले असतात. पळताना किंवा खोकताना लघवीचा थेंब सुटणे, खाली जडपणा वाटणे, ही ते स्नायू अजून सावरले नसल्याची खूण आहे. बायका हे कुणाला सांगत नाहीत आणि पळणे गुपचूप सोडून देतात. याला व्यायामोपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. तेव्हा संकोच न करता विचारावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक तपासणी सांगायला हवी, ती रक्तातल्या हिमोग्लोबिनची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्तच कमी असेल, तर कितीही पळाले तरी दम लागणारच. तिथे दोष इच्छाशक्तीला देऊन काय उपयोग? आधी रक्त वाढवायला हवे.

चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकाराने कुणी गेले आहे अशांनी पळण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यावे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात असे दिसले, की दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय ५९च्या आसपास आहे. व्यायाम करताना छातीत दाटून आले, चक्कर आली, ठोके अनियमित वाटले, तर तिथल्या तिथे थांबावे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुढे पळू नये.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष सुरुवात. पहिली पायरी पळण्याची नाहीच. अर्धा तास सलग, झपाझप चालता येते का, आणि चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखत नाही ना, हे पाहायचे. दोन आठवडे हे निर्धास्त जमले, की मग मध्ये मध्ये पळायचे. एक मिनिट हळू पळणे, दीड-दोन मिनिटे चालणे, पुन्हा एक मिनिट पळणे; असे वीस मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. अमेरिकेत जोश क्लार्क या गृहस्थाने १९९६ मध्ये नवख्यांसाठी नऊ आठवड्यांचा असाच एक आराखडा केला आणि तो पुढे जगभर पसरला. नऊ आठवड्यांत माणूस सलग अर्धा तास पळू लागावा, ही त्यातली अपेक्षा. परत आलेल्या माणसाला हा आराखडा पोरखेळ वाटतो. पण त्याचा फायदा असा, की छाती पुढे धावत असताना तो हाडांना वेळ देतो. नऊचे बारा आठवडे झाले तरी काही बिघडत नाही.

वेग किती ठेवायचा? त्यासाठी घड्याळाची गरज नाही. पळता पळता शेजारच्याशी एखादे पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. एकटेच असाल तर पाठ असलेला एखादा श्लोक म्हणून पाहा. मध्येच धाप लागून शब्द तुटला, तर वेग जास्त आहे. हिशेब अंतराचा न ठेवता मिनिटांचा ठेवावा. अंतर मोजले, की जुने आकडे आठवतात आणि पाय आपोआप घाई करतात.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा एक नियम धावपटूंमध्ये फार प्रसिद्ध आहे. नियम म्हणून तो वाईट नाही, पण त्यावर विसंबून राहू नये. नेदरलँड्समध्ये २००८ साली पाचशेच्या आसपास नवख्या धावकांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना दहा टक्क्यांच्या हिशेबाने तेरा आठवड्यांत वाढवले, बाकीच्यांना आठ आठवड्यांत. दोन्हीकडे दर पाचांतला एक जण जायबंदी झालाच. म्हणजे कागदावरच्या टक्केवारीने पाय वाचत नाहीत. प्रत्येकाचे हाड, वय, वजन, आधीचे दुखणे वेगळे. म्हणून आपल्या पायांचे म्हणणे ऐकायला शिकावे. ते म्हणणे ऐकायची वेळ म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. अंथरुणातून उठून पहिली दहा पावले टाकताना काय वाटते? मांड्या-पोटऱ्या थोड्या अवघडल्या आहेत, पण चालल्यावर मोकळ्या होतात, तर ठीक. लंगडावे लागते, टाच टेकवत नाही, किंवा दुखणे कालच्यापेक्षा वाढले आहे, तर दोन दिवस सुटी आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली. हा नियम कुठल्याही टक्केवारीपेक्षा भरवशाचा आहे.

पळण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा पायांची ताकद वाढवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जो सल्ला दिला, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. हा दुसरा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात. त्यासाठी जिमच पाहिजे असे नाही. आपल्याकडच्या बैठका काय वाईट आहेत? गुडघे कुरकुरत असतील, तर खुर्चीवर हात न टेकता बसणे-उठणे दहा वेळा करा. जिन्याच्या पायरीवर उभे राहून टाचा सावकाश वर उचलणे आणि त्याहून सावकाश खाली आणणे, हा व्यायाम पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला फार चांगला. आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकेका पायावर. आजारपणात मांसही झडलेले असते, तेव्हा जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी यांपैकी जे चालत असेल ते वाढवावे. आणि झोप पुरी घ्यावी. हाडांची आणि स्नायूंची डागडुजी होते ती विश्रांतीतच.

आपल्या हवेचाही विचार हवा. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते आणि तीन-चार आठवड्यांच्या खंडाने जाते. पावसाळाभर घरात बसलेला माणूस ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी नऊला पळायला निघाला, तर त्याचा निम्मा दम नुसते अंग थंड ठेवण्यातच खर्च होतो. कोकणात दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून तिथे आणखी जपावे. उजाडताना पळावे आणि पहिले दोन आठवडे वेगाची अपेक्षाच ठेवू नये.

आता मनाबद्दल. शरीराचा क्रम ठरलेला असतो, मनाचा नसतो. ज्याचे माणूस गेले आहे, किंवा ज्याचा संसार विस्कटला आहे, त्याला पळण्याचे सगळे शास्त्र सांगितले तरी चपला घालून उंबरा ओलांडणे हेच त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असते. व्यायामाने खिन्नता कमी होते का, यावर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एक अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या, नैराश्याचा आजार असलेल्या १५६ जणांना तीन गटांत विभागले. एका गटाला आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला दोन्ही. औषधाने गुण जरा लवकर आला, पण सोळा आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. याचा अर्थ चालू औषधे बंद करून पळायला लागा, असा मुळीच नाही. गोळ्या बंद करायच्या की नाही हे डॉक्टरच ठरवतील. अर्थ एवढाच, की आठवड्यातले ते तीन अर्धे तास म्हणजे नुसता विरंगुळा नव्हे.

याचे एक उदाहरण साऱ्या जगाला ठाऊक आहे. जालंधरजवळच्या एका खेड्यातले शेतकरी फौजा सिंग. त्यांच्या पासपोर्टवर जन्माचे साल १९११ होते. लहानपणी पाय इतके काटकुळे, की पाच वर्षांचे होईपर्यंत ते चालू शकत नव्हते. तरुणपणी थोडे पळाले, मग आयुष्य शेतात गेले. १९९२ मध्ये पत्नी वारली आणि १९९४ मध्ये मुलगा अपघातात गेला. ऐंशी उलटलेले हे गृहस्थ खचले. पुढे दुसऱ्या मुलाकडे लंडनला गेले आणि तिथे पुन्हा पळू लागले. २००० साली, ८९व्या वर्षी, लंडनची मॅरेथॉन त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पुरी केली तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. वेळ लागला आठ तासांहून थोडा अधिक. जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनेस बुकात त्यांची नोंद झाली नाही. २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटर पळून त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला. पण चालणे सोडले नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याच गावाजवळ रस्त्यावर मोटारीची धडक बसून ते गेले.

फौजा सिंगांची गोष्ट सांगताना लोक जिद्दीवर भर देतात. माझ्या मते त्यात दोन गोष्टी अधिक शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्यांचे पाय शेतातल्या अनेक दशकांच्या मेहनतीने तयार झालेले होते, म्हणजे सगळ्यात सावकाश होणारे काम आधीच झालेले होते. आपले बैठे काम करणारे पाय तसे नाहीत, तेव्हा त्यांच्याशी बरोबरी करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना मागचा कुठलाही आकडा मोडायचा नव्हता. सात-आठ तास लागले तरी चालणार होते. दुःखातून उठलेल्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची असते.

म्हणून परत येणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. नवी वही करा. जुन्या वहीतल्या वेळा, अंतरे, पदके जिथे आहेत तिथे राहू देत. ती खोटी नव्हती; ती दुसऱ्या काळातली होती. नव्या वहीत पहिल्या पानावर लिहा : ‘आज वीस मिनिटे चाललो’ किंवा ‘आज वीस मिनिटे चालले’. तुलना करायचीच झाली तर याच वहीतल्या मागच्या पानाशी करा. तीन महिन्यांत ही वही इतके समाधान देईल, की जुनी उघडावीशी वाटणार नाही.

घरच्यांनाही एक विनंती. आजारातून किंवा शोकातून उठलेला माणूस सकाळी बाहेर पडू लागला, की ‘एवढे काय नडले आहे’, ‘लोक काय म्हणतील’, ‘अजून वर्ष झाले नाही’ असे शब्द कानावर येतात. घरातली बाई असेल, तर तिच्या वाट्याला त्याआधी डबे, पाणी, मुलांची शाळाही असते. तिला रोजचा अर्धा तास सल्ल्याने मिळणार नाही. तो कुणीतरी डब्याचे काम आपल्याकडे घेतल्यानेच मिळेल. आणि शक्य असेल तर पहिले काही दिवस बरोबर जा. बोलत बोलत जाणारा सोबती असला, की वेग आपोआप योग्य राहतो.

काही जणांना पूर्वीसारखे पळणे कधीच जमणार नाही. झिजलेला गुडघा, कमजोर झालेले हृदय, कर्करोगाच्या उपचारांनी गेलेली ताकद यांना मर्यादा असतात. त्यांच्यासाठी रोजचे चालणे हाच पूर्ण व्यायाम आहे, त्यात उणे काही नाही.

बाकीच्यांसाठी उद्याचा कार्यक्रम अगदी लहान आहे. सकाळी उठायचे, पायांत नीट बसणारे बूट घालायचे, वीस मिनिटे चालायचे आणि दम शिल्लक असतानाच घरी परतायचे. परवा सकाळी पहिली दहा पावले काय सांगतात ते ऐकायचे. पळायला अजून दोन आठवडे आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)